परवान्याचे शस्त्र आणि अप्रमादाचा अभ्यास

अहिंसा हा ज्यांचा कुलधर्म, अशा व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत पिस्तुलाच्या हाताळणीवर लेख पाहून काही वाचक बंधुभगिनींस आश्चर्य वाटेल. काहींस ते अप्रशस्तही वाटेल. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु वस्तुस्थितीकडे डोळेझाक करून चालत नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला की आदिलाबादच्या बाजारात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. अडत, जिनिंग-प्रेसिंग, सरकी, सोने-चांदी व कापड या धंद्यांतील आपले कित्येक सभासद वसुलीसाठी रात्री-अपरात्री प्रवास करतात, आणि त्यांपैकी काहींच्या कमरेस सरकारी परवान्याचे शस्त्र असते. ते असावे की नसावे, हा एक प्रश्न. असल्यास ते कसे बाळगावे, हा त्याहून निकडीचा प्रश्न. परवाना मिळविण्यासाठी लोक जेवढे श्रम घेतात, त्याच्या शतांशही श्रम ते शस्त्र हाताळावयास शिकण्यासाठी घेत नाहीत, असे आमच्या पाहण्यात आले आहे. ज्यांच्या घरी असे शस्त्र आहे त्यांच्यासाठी, आणि त्या घरांतील माताभगिनींसाठीही, हा पाठ लिहिला आहे.

धर्मदृष्टी

आपल्या आचार्यांनी गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. जाणूनबुजून, मारण्याच्या इच्छेने केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, केरवारा, दळणकांडण यांत घडते ती आरंभी. शेती व व्यापार यांत घडते ती उद्योगी. आततायी माणसापासून स्वतःचे वा आश्रितांचे रक्षण करताना घडते ती विरोधी. संकल्पी हिंसेचा श्रावकाने त्याग करावयाचा, आणि उरलेल्या तिन्ही प्रकारांत शक्य तितकी घट करीत जावयाचे, असा हा क्रम आहे. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलीची प्रचंड मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंगराजांचा सेनापती होता. अबूच्या पहाडावर विमलवसही बांधविणारा विमलशाह हाही शस्त्रधारीच होता. तेव्हा शस्त्र बाळगणारा तेवढ्यानेच धर्मभ्रष्ट झाला, असे म्हणता येत नाही.

पण एवढ्यावर समाधान मानून स्वस्थ बसणाऱ्यास आम्ही पुढचा भाग वाचावयास सांगू. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना प्राणघाताच्या आधी प्रमादाचा उल्लेख येतो. मन बेसावध होते की नाही, हे शास्त्र प्रथम पाहते. साधूंच्या पाच समितींत आदान-निक्षेपण नावाची एक समिती आहे. कोणतीही वस्तू उचलताना व खाली ठेवताना ती पाहून, जपून उचलावी व ठेवावी, हा तिचा अर्थ. आणि श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतात जे दोष वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत प्रमादचर्या म्हणजे निष्काळजी वर्तन, आणि हिंसादान म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे, हे दोन्ही आहेत. बंदूक ज्यांनी पाहिलीही नव्हती, त्या आचार्यांनी सांगितलेले हे तीन शब्द ज्याने खरोखर पाळले, त्याच्या हातून शस्त्राचा अपघात होणे जवळजवळ अशक्य आहे. साधू ज्या दक्षतेने आपला ग्रंथ उचलतो व ठेवतो, त्या दक्षतेने आपण रिव्हॉल्व्हर उचलतो व ठेवतो काय, हाच या पाठाचा मूळ प्रश्न होय.

गरज आणि कायदा

परवाना मागण्यापूर्वी, अथवा असलेला परवाना पुढे चालू ठेवण्यापूर्वी, शस्त्राची गरज खरोखर आहे काय, याचा विचार करावा. पूर्वी कापसाचा मोबदला नोटांच्या थप्प्यांनी चुकता होत असे. आता भारतीय कापूस निगमाच्या खरेदीची रक्कम शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते, आणि एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रुपये रोख स्वीकारण्यास २०१७ पासून आयकराच्या कायद्याने मनाई आहे. जी रोकड बरोबर नेलीच नाही, तिच्या रक्षणासाठी गोळी झाडावी लागत नाही. वसुलीचा दिवस व मार्ग बदलीत राहणे, एकट्याने न जाणे, रात्रीचा प्रवास टाळणे, हे उपाय शस्त्राच्या आधीचे आहेत.

गरज ठरली, तर कायदा नीट समजून घ्यावा. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. २१ वर्षे पूर्ण झाल्यावाचून परवाना मिळत नाही. नव्या नियमांनी अर्जदारास शस्त्रसुरक्षेचे शिक्षण घेणे आवश्यक केले आहे. हे प्रमाणपत्र केवळ कागद म्हणून मिळविणाऱ्याने स्वतःचीच फसवणूक केली असे समजावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनांऐवजी पाच वर्षे झाली आहे. त्याच दुरुस्तीने लग्नाच्या वरातीत वा उत्सवात हर्षाने गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र अपराध ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल कसे न्यावे, हेही २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे. ते अंगावरील होल्स्टरमध्ये अथवा त्यासारख्या योग्य पिशवीत असावे, पूर्णपणे झाकलेले असावे, आणि बाळगणाराचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. ते बाहेर काढून दाखविणे वा परजणे यास सक्त मनाई आहे. म्हणजे बाजारात सदरा वर सरकवून लोकांस मूठ दिसू देण्याची जी हौस काहींना असते, ती असंस्कृत तर आहेच, शिवाय बेकायदाही आहे.

सीमेवरील आपल्या सभासदांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आपली सोयरीक, उधारी व खरेदी आजही पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेली आहे, त्यामुळे ही सीमा मनात राहात नाही. परंतु परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते तेलंगणापुरतेच असेल, तर पैनगंगेचा पूल ओलांडून पांढरकवड्यास शस्त्रासह जाणारा प्रतिष्ठित व्यापारी त्याच क्षणी कायद्याचा अपराधी होतो. परवान्याचे पुस्तक आजच उघडून क्षेत्र व मुदत या दोन्ही नोंदी वाचाव्यात.

चार नियम

जगातील सर्व शिक्षक हाताळणीचे चार नियम सांगतात. ते मुलांना नमोकार शिकवावा तसे पाठ करून घ्यावे.

पहिला : प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे, असे समजून वागावे. "रिकामे आहे" हे वाक्य ऐकून कधीही विश्वास ठेवू नये, मग ते सांगणारे आपले वडील असोत.

दुसरा : ज्यास इजा व्हावी असे आपणांस वाटत नाही, त्याच्या दिशेने नळीचे तोंड क्षणभरही वळू देऊ नये. स्वतःचा डावा हात व स्वतःची मांडी हीही यात आली.

तिसरा : नेम धरून झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर जाऊ नये. ते सरळ, शस्त्राच्या अंगास लागून, चापाच्या कडीबाहेर असावे.

चौथा : समोर काय आहे व त्याच्या पलीकडे काय आहे, ते पाहावे. आपल्या जिनिंग कारखान्यांच्या पत्र्याच्या भिंती गोळी अडवीत नाहीत. पलीकडे हमाल निजलेले असतात.

या नियमांचा गुण असा की, एक मोडला तरी दुसरा सांभाळून घेतो. भरलेले शस्त्र रिकामे समजून चाप ओढला गेला, पण नळी निर्धोक दिशेस होती, तर भिंतीस भोक पडते आणि माणूस वाचतो. दोन नियम एकदम मोडले, की घरात सुतक येते.

रिकामे करण्याची रीत

आपल्याकडे बहुधा .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर अथवा पिस्तूल असते. दोहोंची रचना भिन्न आहे, म्हणून रिकामे करण्याची रीतही भिन्न आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ रिव्हॉल्व्हर मध्ये मोडून उघडते. नळी निर्धोक दिशेस धरावी, बोट चापाबाहेर ठेवावे, खटका दाबून नळी खाली झुकवावी. म्हणजे चक्री उघडी पडते व काडतुसे वर उचलली जातात. ती काढून सहाही घरे डोळ्यांनी पाहावीत आणि बोटाने चाचपावीत. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही.

पिस्तुलात क्रम फार महत्त्वाचा आहे. प्रथम मॅगझीन काढावे, आणि नंतरच वरचा सरकता भाग मागे ओढून नळीच्या घरातील काडतूस बाहेर टाकावे. हा क्रम उलटला, म्हणजे आधी भाग ओढला व नंतर मॅगझीन काढले, तर खालून नवे काडतूस नळीत येऊन बसते आणि हातात रिकामे वाटणारे, प्रत्यक्षात भरलेले शस्त्र राहते. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत तर याहूनही घातक आहे. सुरक्षा-खटक्यावरही विसंबू नये. तो यंत्राचा भाग आहे आणि यंत्र बिघडते.

आमच्या परिचयाच्या एका घरी दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी रिव्हॉल्व्हर पूजेत ठेवले होते. आरतीनंतर घरातील एका तरुणाने ते सहज उचलले आणि थट्टेने धाकट्या भावाकडे रोखले. वडिलांनी त्याच्या हातून ते काढून घेऊन उघडले, तेव्हा चक्रीत दोन काडतुसे निघाली. त्या गृहस्थांची आपण सर्व काढली होती अशी पक्की समजूत होती. त्या रात्री त्या घरी कोणी जेवले नाही.

बाळगणे

शस्त्र धोतराच्या निऱ्यांत वा पायजम्याच्या नेफ्यात खोचू नये, बंडीच्या खिशात टाकू नये, आणि किल्ल्या, पेन व पावती-पुस्तक ज्या रोकडीच्या पिशवीत असते तीत तर मुळीच ठेवू नये. किल्लीचे टोक चापाच्या कडीत शिरून गोळी सुटू शकते. होल्स्टर त्याच शस्त्राच्या मापाचा, घट्ट, चापाची कडी पूर्ण झाकणारा, व जाड कंबरपट्ट्यावर पक्का बसणारा असावा. मऊ पडून दुमडू लागलेला चामड्याचा होल्स्टर टाकून द्यावा. त्याची दुमड आत जाऊन चाप दाबला जाण्याचा संभव असतो. वर सैल सदरा वा जाकीट असले, की वाकताना व गादीवर बसतानाही शस्त्र झाकलेले राहते.

गादीवर मांडी घालून बसण्याची आपली पद्धत लक्षात घेऊन आणखी एक सूचना करावीशी वाटते. बसताना टोचते म्हणून पुष्कळजण शस्त्र काढून लोडाखाली ठेवतात आणि उठताना विसरतात. दिवसभर अंगावर वागविता येत नसेल तर ते सकाळीच कुलपात ठेवावे. अंगावर किंवा कुलपात, याखेरीज शस्त्राला तिसरी जागा नाही. मोटारीचा खण वा स्कूटरची डिकी ही ती तिसरी जागा होय. मंदिर, उपाश्रय, शाळा व समारंभ येथे जाताना ते घरीच कुलूपबंद असावे. झोपेची औषधे घेतली असतील त्या दिवशी हात लावू नये.

अभ्यास

अभ्यासाचे दोन भाग आहेत : घरचा कोरडा अभ्यास आणि नेमबाजी केंद्रातील प्रत्यक्ष अभ्यास.

कोरड्या अभ्यासासाठी दहा मिनिटे पुरतात, पण त्यांस सामायिकासारखी बंधने हवीत. वेळ ठरलेली असावी व खोलीचे दार लावलेले असावे. सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून यावीत. शस्त्र वरील रीतीने दोनदा तपासावे. नेमाची खूण जाड दगडी वा विटांच्या भिंतीवर असावी. आघात सोसणारी डमी काडतुसे मिळतात, ती वापरावीत. मग पुढील पायऱ्या सावकाश कराव्यात. डाव्या हाताने सदरा पूर्ण वर उचलून धरावा. उजव्या हाताने शस्त्र होल्स्टरमध्ये असतानाच मूठ पक्की धरावी. बोट सरळ ठेवून शस्त्र सरळ वर काढावे, आणि नळी पुढे वळविल्यावरच डावा हात मुठीस येऊन मिळावा, म्हणजे तो नळीसमोर येत नाही. मग दोन्ही हात पुढे न्यावेत, दृष्टी पुढच्या माशीवर स्थिर करावी, आणि चाप झटका न देता सरळ मागे दाबावा. घाई करू नये. सफाई आली की वेग आपोआप येतो.

परत ठेवण्याची पायरी सर्वांत धोक्याची असते, आणि तिचा अभ्यास सर्वांत कमी होतो. बोट चापाबाहेर आहे, सदऱ्याचे टोक वा जाकिटाची दोरी होल्स्टरमध्ये गेलेली नाही, हे डोळ्यांनी पाहून शस्त्र हळूहळू आत सोडावे. अडखळल्यास जोर न लावता बाहेर काढून पाहावे. शस्त्र बाहेर काढण्यास कधीकाळी त्वरा लागेल. आत ठेवण्यास कधीच लागत नाही. हेच आपले निक्षेपण.

अभ्यास संपला की "संपला" असे मोठ्याने म्हणावे, शस्त्र कुलपात ठेवावे, आणि निदान तासभर त्यास हात लावू नये. काडतुसे पुन्हा भरल्यावर "आणखी एकदा करून पाहू" म्हणून ओढलेल्या चापाने अनेक घरांच्या भिंती व माणसे फुटली आहेत.

प्रत्यक्ष नेमबाजीचा अभ्यास मान्य केंद्रातच, शिक्षकाच्या देखरेखीखाली करावा. शेतात बाटल्या मांडून नव्हे. कानांवर व डोळ्यांवर संरक्षण असावे. चाप ओढूनही काडतूस न उडाल्यास नळी निर्धोक दिशेस धरून अर्धा मिनिट थांबावे. बार उशिराने उडण्याचा संभव असतो. बार क्षीण वाटल्यास तेथेच थांबून नळी तपासून घ्यावी, कारण आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटते. परत आल्यावर अन्नास शिवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण काडतुसांत शिसे असते.

घर आणि पेढी

शस्त्राचे कुलूप तिजोरीहून वेगळे असावे. जी तिजोरी दिवसातून दहा वेळा मुनीम उघडतो, तीत ठेवलेले शस्त्र मुनिमाच्याच ताब्यात आहे असे समजावे. काडतुसे निराळ्या कुलपात असावीत. रात्री रोजमेळ जुळविल्यावाचून आपण पेढी बंद करीत नाही. काडतुसांचीही तशीच मोजणी करून परवान्याशी व खरेदीच्या पावतीशी मेळ घालावा. एक रुपया कमी पडला तर आपण रात्र जागवितो, मग एक काडतूस कमी पडल्यास झोप कशी यावी ? आपले शस्त्र भावास, जावयास वा रखवालदारास "आजच्यापुरते" देणे हा कायद्याने अपराध आहे, आणि धर्माने हिंसादान.

मुलांपासून लपविणे पुरेसे नाही. मुले सर्व जागा जाणतात. त्यांस शिकवावे : दिसले तर हात लावावयाचा नाही, तेथून दूर व्हावयाचे, आणि मोठ्या माणसास सांगावयाचे. घरातील गृहिणीस शस्त्र कोठे आहे व कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे ठाऊक असावे. घरात कोणी खचलेला, कर्जाने गांजलेला वा अतिशय संतापी असेल, तर तिने संकोच न करता ते शस्त्र घराबाहेर काढण्याचा आग्रह धरावा. ते अधिकृत विक्रेत्याकडे अथवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करता येते. मंदीच्या वर्षी चोराच्या भयापेक्षा निराशेचे भय अधिक असते, हे आपण व्यापाऱ्यांनी तरी विसरू नये.

शस्त्र न काढण्याचा अभ्यास

डिसेंबर २०२० मध्ये आपल्या आदिलाबाद शहरातच, ताटीगुडा वस्तीत, मुलांच्या क्रिकेटवरून तंटा झाला. नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविलेल्या एका गृहस्थाने त्यात परवान्याचे शस्त्र उपसून गोळ्या झाडल्या. तीन माणसे जखमी झाली. त्यांपैकी एकाचा काही दिवसांनी हैदराबादेस रुग्णालयात मृत्यू झाला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने आरोपीस जन्मठेप सुनावली. तेथे दरोडेखोर नव्हता, चोर नव्हता. होता तो राग, आणि रागाच्या हाताशी शस्त्र. या घटनेपासून कोणा एका पक्षाने वा समाजाने नव्हे, तर प्रत्येक परवानाधारकाने धडा घ्यावा.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्मरक्षणाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. त्याची मर्यादाही तेथेच आहे. रक्षणास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा अधिकारच उरत नाही. पळत्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी हे रक्षण नव्हे. पिशवी मागणाऱ्यास पिशवी देऊन टाकावी. एका हंगामात गेलेले धन दुसऱ्या हंगामात मिळते. ज्या दिवशी शस्त्र अंगावर असेल, त्या दिवशी इतर दिवसांहून अधिक नमते घ्यावे, वाद सोडून द्यावा, अपमान गिळावा. ज्यास हे जमत नाही, त्याने परवाना परत करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील बोधन हेच बाहुबलीचे पोदनपूर, अशी एक परंपरा आहे. भरताशी झालेल्या द्वंद्वात त्या वीराने उगारलेली मूठ ऐन वेळी आवरली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याची मूठ दुर्बल नव्हती, म्हणूनच ती आवरण्यास मोल आले. आपल्या हाती तेवढे बळ नाही. पण तर्जनी चापाबाहेर सरळ ठेवण्याइतका संयम तर रोजच्या अभ्यासाने कोणासही साधतो.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. आपल्या परवान्याचे क्षेत्र व मुदत काय आहे, हे पुस्तक न पाहता सांगता येईल काय ?

२. पिस्तूल रिकामे करताना मॅगझीन आधी का काढावे ?

३. आदान-निक्षेपण समितीचा होल्स्टरशी संबंध कोणता ?

४. या क्षणी आपले शस्त्र कोठे आहे, काडतुसे किती आहेत, आणि दोन्ही किल्ल्या कोणाकडे आहेत ?

५. शस्त्र अंगावर नसते, तर आजचा कोणता प्रवास आपण टाळला असता ? मग तो आजही टाळता येणार नाही काय ?